पोरगं खेळतंय, मग शिकणार कधी?

कॉलेजच्या बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे कुणीही येऊ देत, भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं: खेळानं शिस्त लागते आणि शिस्त लागली की माणूस कुठंही गेला तरी चमकतो. मग दोन-चार मोठी नावं घेतली जातात, टाळ्या पडतात, ट्रॅकसूटमधली पोरं ढाल उचलून स्टेजवरून उतरतात. मागच्या रांगेत बसलेल्या बापाच्या डोक्यात मात्र वेगळाच हिशेब चाललेला असतो. पोरगं पहाटे ग्राउंडवर, संध्याकाळी परत ग्राउंडवर, गेल्या सेमिस्टरचे दोन विषय अजून राहिलेत. ह्याचं पुढं काय?

पाहुणे घेतात ती नावं खोटी नसतात. कॉलेजात मैदान गाजवून पुढं भलत्याच क्षेत्रात नाव काढलेली माणसं जगभर आहेत. राष्ट्राध्यक्ष आहेत, न्यायमूर्ती आहेत, नट, डॉक्टर, गणितज्ञ, नोबेल मिळवलेला लेखकसुद्धा आहे. पण हे होतं कसं, याचं ‘शिस्त’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. पहाटे चारला उठून आखाड्यात जोर मारणाऱ्या पोराला कसली शिस्त कमी असते? तरी त्यातली कितीतरी पोरं तिशीच्या आसपास गावाकडं परततात, तेव्हा हातात ना गदा असते ना डिग्री. म्हणजे शिस्तीच्या जोडीला आणखी काहीतरी लागत असणार. ते काय, हे एकेक माणूस धरून बघू.

जेराल्ड फोर्ड हा अमेरिकेचा अडतिसावा अध्यक्ष. मिशिगन विद्यापीठात असताना तो फुटबॉल खेळायचा. फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा आपला नव्हे. अंगाला पॅड बांधून, लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांना धडका मारायचा तो अमेरिकन प्रकार. १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षं मिशिगनचा संघ एकही सामना न हरता देशात पहिला आला. फोर्ड त्या संघात होता, पण बहुतेक वेळ राखीव. १९३४ साली त्याला कायमची जागा मिळाली आणि नेमका त्याच वर्षी संघ आठपैकी सात सामने हरला! तरीही सोबतच्या खेळाडूंनी वर्षातला सर्वांत मोलाचा गडी म्हणून त्यालाच निवडलं. मंदीचा काळ होता. फोर्ड विद्यार्थ्यांच्या वसतिगृहवजा क्लबात भांडी घासून आपला खर्च भागवत होता.

पदवी हातात आल्यावर डेट्रॉइट आणि ग्रीन बे या दोन व्यावसायिक संघांनी त्याला बोलावलं. तो गेला नाही. त्यानं येल विद्यापीठात फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक म्हणून नोकरी धरली, कारण डोक्यात येलचं लॉ कॉलेज होतं. पूर्ण वेळ नोकरी करून कायदा झेपायचा नाही, म्हणून तिथं त्याला आधी नकारच मिळाला. त्यानं पिच्छा सोडला नाही. प्रवेश मिळवला, आणि १९४१ साली कायद्याची पदवी घेतली. १९४८ मध्ये खासदार, १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष. (विरोधक मात्र, हा गडी हेल्मेट न घालता फार खेळला असावा, अशी त्याच्या बुद्धीची चेष्टा करत राहिले.)

फोर्डच्या गोष्टीत खेळ प्रत्येक वळणावर पुढच्या शिक्षणाचं तिकीट काढून देतो. मैदानावर मिळालेलं नाव त्यानं मैदानावरच संपवलं नाही, त्याच्या जोरावर दुसरीकडं शिरकाव करून घेतला. ‘दोन डगरींवर पाय ठेवू नकोस’ असं आपल्याकडं पोरांना बजावतात. या माणसानं सहा-सात वर्षं अगदी तेच केलं.

आता ही अमेरिकन व्यवस्था थोडी समजून घेऊ, कारण आपल्या डोळ्यासमोर असतं त्यापेक्षा ती वेगळी आहे. तिथं खेळाडू घडतो तो मुख्यतः कॉलेजात. चांगला खेळणाऱ्या पोराला विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं आणि त्या बदल्यात तो विद्यापीठाकडून खेळतो. या सगळ्यावर देखरेख ठेवणारी एनसीएए नावाची संघटना १९०६ पासून आहे. तिच्या छत्राखाली आज पाच लाखांहून जास्त विद्यार्थी खेळतात आणि संघटनेच्याच हिशेबानं त्यातले दोन टक्क्यांहून कमी पुढं व्यावसायिक खेळाडू होतात. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना दुसरं काहीतरी करावंच लागणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. म्हणून नियम असा की ठरावीक गुण नसतील तर मैदानात उतरायचं नाही. पळवाटा तिथंही आहेत. खेळाडूंना सोपे विषय घ्यायला लावणं, त्यांच्याऐवजी दुसऱ्यानं गृहपाठ लिहिणं, असली प्रकरणं बाहेर आलेली आहेत. विद्यापीठांनी तिकिटं आणि टीव्हीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर कमावले, पण खेळणाऱ्या पोराला स्वतःचं नाव वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली ती थेट २०२१ साली. गोडवे गावेत अशी ती व्यवस्था नाही. पण खेळाडूचं नाव हजेरीपटावरून सहसा उडत नाही, एवढं तिचं मोल नक्की आहे.

दुसरी वाट इंग्लंडमधून जाते, आणि तिथं तर खेळ चक्क पात्रतेच्या अटींत लिहिलेला होता. सेसिल ऱ्होड्स हा दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला साम्राज्यवादी. १९०२ साली तो वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात ऑक्सफर्डला शिकायला येणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्तीची तरतूद होती. पोरगा नुसता पुस्तकी किडा नसावा, मैदानी खेळांची त्याला आवड असावी आणि त्यात त्यानं यशही मिळवलेलं असावं, अशी त्यात अट होती. (मुलींना या शिष्यवृत्तीची दारं उघडायला पाऊण शतक लागलं.) म्हणून ऱ्होड्स स्कॉलरांच्या यादीत खेळाडू सापडतात, यात चमत्कार काही नाही. चाळणीच तशी लावलेली होती.

त्या चाळणीतून आलेला बायरन व्हाइट बघा. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा खेळाडू १९३७ साली अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पुरस्कारात दुसरा आला. पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि चेंडू घेऊन धावण्यात सगळ्यांच्या पुढं राहिला. मग ऑक्सफर्ड, महायुद्धामुळं तिथून परत, मग येलमध्ये कायदा आणि त्याच्या अधेमधे पुन्हा फुटबॉल. १९६२ साली केनेडींनी त्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेमलं, तिथं तो १९९३ पर्यंत होता. बिल ब्रॅडलीची गोष्ट याच वळणाची: प्रिन्स्टनचा बास्केटबॉल खेळाडू, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण, मग ऑक्सफर्ड, मग न्यूयॉर्कच्या संघाबरोबर दोन अजिंक्यपदं आणि त्यानंतर अठरा वर्षं सिनेटर. ज्याच्या नावाची दुर्बीण अंतराळात फिरते तो एडविन हबल शिकागो विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळायचा. तोही ऱ्होड्स स्कॉलर.

आपल्याकडचा जयपालसिंग मुंडा ऱ्होड्स स्कॉलर नव्हता, पण ऑक्सफर्डचा मात्र होता. रांचीजवळच्या खेड्यातला हा आदिवासी मुलगा मिशनऱ्यांच्या मदतीनं इंग्लंडला गेला, ऑक्सफर्डकडून हॉकी खेळला आणि आयसीएससाठी निवडला गेला. आयसीएस म्हणजे त्या काळचं कलेक्टर होण्याचं राजमार्गी तिकीट. त्याचं प्रशिक्षण चालू असताना १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारताच्या हॉकी संघाचं कर्णधारपद चालून आलं. रजा मिळेना. जयपालसिंग रजेविना गेला. त्या स्पर्धेत भारतानं हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं आणि आयसीएस हातचं गेलं. पुढं तो आदिवासी महासभेचा नेता झाला, संविधान सभेत गेला आणि तिथं आदिवासींच्या हक्कांसाठी ठणकावून बोलला. हॉकी न आवडणाऱ्यालाही हा माणूस माहीत असायला हवा, असं माझं मत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो जेमतेम एखाद्या ओळीत येतो.

इथवर वाचून ‘बघा, खेळामुळं माणसं मोठी होतात’ असं कुणी म्हणेल. थोडं थांबू या. गुऱ्हाळात गूळ होतो तो आधीच गोड असलेल्या उसाचा. गुऱ्हाळ रस आटवतं, गोडी घालत नाही. १९२०-३० च्या काळात कॉलेजात जाणंच मुळात थोड्यांच्या नशिबी होतं. त्यातही ऑक्सफर्ड, येल, प्रिन्स्टन. तिथं पोचलेला तरुण खेळला नसता तरी वकील, मंत्री, प्राध्यापक व्हायची शक्यता दांडगीच होती. धाकटा-थोरला मिळून दोन बुश अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यातला थोरला येलच्या बेसबॉल संघाचा कर्णधार होता हे खरं, पण त्याचे वडील पुढं सिनेटर झाले, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं.

आणि कधीकधी तर खेळाचा संबंध केवळ योगायोगाचा असतो. सॅम्युअल बेकेट डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात क्रिकेट खेळायचा. १९२५ आणि १९२६ मध्ये तो नॉर्दम्प्टनशर या इंग्लिश काउंटी संघाविरुद्ध दोन प्रथम दर्जाचे सामने खेळला, चार डावांत मिळून त्याच्या ३५ धावा झाल्या. त्याला १९६९ चं साहित्याचं नोबेल मिळालं ते काही त्या ३५ धावांमुळं नव्हे.

दुसरी अडचण अशी की यादीत फक्त पोचलेले दिसतात. ड्वेन जॉन्सन, म्हणजे ‘द रॉक’, मायामी विद्यापीठाच्या १९९१ च्या विजेत्या फुटबॉल संघात होता. दुखापती झाल्या, जागा गेली, व्यावसायिक संघानं घेतलं नाही, कॅनडातल्या संघानं काढून टाकलं आणि १९९५ साली तो खिशात ७ डॉलर घेऊन बापाच्या घरी परतला. मग कुस्तीचा रिंगणी तमाशा, मग सिनेमा. गोष्ट मोठी झकास आहे. पण ७ डॉलर घेऊन घरी परतलेले आणि तिथंच राहिलेले खेळाडू कुठल्या भाषणात येत नाहीत. नुसती जिंकलेल्यांची यादी वाचून अंदाज बांधला तर तो फसणारच.

पॉल रोबसनची गोष्ट मात्र या दोन्ही शंकांना पुरून उरते. त्याचे वडील गुलामगिरीतून पळून आलेले. रटगर्स कॉलेजात रोबसन शिष्यवृत्तीवर गेला तेव्हा त्या कॉलेजच्या इतिहासातला तो तिसराच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. फुटबॉलच्या निवडीला गेला तर संघातल्याच पोरांनी त्याला तुडवला, नाक मोडलं. तो परत आला आणि संघात शिरला. एकदा समोरच्या संघानं काळ्या खेळाडूशी खेळणार नाही म्हटल्यावर त्याच्याच कॉलेजनं त्याला बाकावर बसवलं. १९१७ आणि १९१८ मध्ये त्याची देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवड झाली, आणि वर्गात तो पहिल्या रांगेतला विद्यार्थी होता, वक्तृत्वातही बक्षिसं मारायचा. कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली, शिकताना व्यावसायिक फुटबॉल खेळून फीचे पैसे उभे केले. वकिली त्यानं लवकरच सोडली. कार्यालयातल्या गोऱ्या लेखनिक बाईनं त्याच्याकडून मजकूर घ्यायला नकार दिला, असं सांगतात. मग तो गायक आणि नट म्हणून जगभर गाजला. या माणसाला खेळानं शिस्त लावली असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. खेळानं त्याला फीचे पैसे दिले आणि नाव दिलं.

ओळखीपाळखीचं कामही लहान समजू नये. मॅरियन मॉरिसन नावाचा पोरगा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर होता. समुद्रावर लाटांत खेळताना खांद्याला मार बसला आणि शिष्यवृत्ती गेली. त्याच्या प्रशिक्षकानं एका सिनेनटाला सामन्यांची तिकिटं दिलेली होती. त्या उपकाराच्या बदल्यात संघातल्या पोरांना स्टुडिओत सामान उचलायची हंगामी कामं मिळायची. तसंच हे पोरगं स्टुडिओत लागलं आणि पुढं जॉन वेन झालं. कॉलेजच्या संघाभोवती माजी विद्यार्थी, देणगीदार, पत्रकार, पुढारी यांचा गोतावळा असतो. विशीतल्या पोराला एरवी भेटणार नाहीत अशी माणसं तिथं भेटतात. फुटबॉलचे संघ उतरवणाऱ्या कोल्हापूरच्या पेठांतल्या तालीम मंडळांना हे सांगायला नको! हंगामात गोल करणाऱ्या पोराला अख्खी गल्ली ओळखते, आणि त्यातलाच कुणीतरी त्याला नोकरीला चिकटवतो.

फुटबॉलचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच फुटबॉलमधलं एक उदाहरण. कोपनहेगनचा हाराल्ड बोर विद्यार्थी असताना डेन्मार्ककडून १९०८ चं लंडन ऑलिंपिक खेळला. उपांत्य सामन्यात त्यांनी फ्रान्सला १७–१ असं धुतलं आणि शेवटी रौप्यपदक घेतलं. दोन वर्षांनी त्यानं गणितातल्या डॉक्टरेटचा प्रबंध जाहीरपणे मांडला, तेव्हा सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलचे चाहते जास्त होते, असं सांगतात. हाराल्ड पुढं मोठा गणितज्ञ झाला. त्याचा भाऊ गोलकीपर होता, क्लबपातळीवर बरा खेळायचा. त्याचं नाव नील्स बोर, १९२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल.

वेळेवर थांबणं हाही या सगळ्यातला एक भाग आहे. रॉजर बॅनिस्टर लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. ६ मे १९५४ ला सकाळी तो नेहमीसारखा हॉस्पिटलात गेला, तिथल्या प्रयोगशाळेत बुटांचे खिळे घासून घेतले, रेल्वेनं ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावलेला पहिला माणूस. त्याच वर्षाअखेर त्यानं धावणं सोडलं आणि पुढची चाळीसेक वर्षं मेंदू-मज्जासंस्थेचा डॉक्टर म्हणून काढली. किरण बेदींनीही १९७२ साली आशियाई टेनिसचं विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी आयपीएसमध्ये प्रवेश केला. त्याआधी दोन वर्षं त्या अमृतसरला राज्यशास्त्र शिकवत होत्या.

आता कोल्हापूर. इथं खेळ आणि कॉलेज यांची सांगड नव्हती असं नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्या धरून त्यांनी सरांचं घर सोडवून दिलं. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर.

तेव्हापासून इथल्या खेळाडूचं दुसरं करिअर म्हणजे सरकारी नोकरी, हे समीकरण घट्ट बसलं. त्यात वाईट काही नाही. स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता म्हणून त्याला रायफल आणि गोळ्यांचा खर्च उचलता आला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळालं. जलतरणपटू वीरधवल खाडे तहसीलदार झाला, नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी. पण ही शिखरावरची माणसं. झोनल, इंटर झोनल, फार तर इंटर युनिव्हर्सिटी अशा कॉलेज-विद्यापीठांच्या स्पर्धांपर्यंत जाऊन कलर (विद्यापीठाकडून खेळल्याचा मान) मिळवणाऱ्या हजारो पोरांसाठी उरतं ते सरकारी भरतीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. तिथं अर्ज करायला त्या-त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. कोटा आहे म्हणून डिग्री माफ होत नाही. कितीतरी चांगली पोरं इथंच अडकतात: प्रमाणपत्रांची फाइल जाड आणि बीएचं शेवटचं वर्ष अर्धवट.

मला वाटतं चूक कॉलेजला प्रवेश घेतानाच होते. खेळाडू म्हणून ॲडमिशन मिळते, संघाला गडी मिळतो, आणि पोरगा वर्गात दिसला नाही तरी कुणाला फरक पडत नाही. वर फोर्डपासून बोरपर्यंत जेवढी नावं आली, त्यातल्या बहुतेकांना कुणीतरी वर्गात बसवलं होतं, नाहीतर ते स्वतः हट्टानं बसले होते.

तेव्हा मागच्या रांगेतल्या बापानं जिमखान्यात जाऊन दोन-तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. स्पर्धा आणि परीक्षा एकाच तारखेला आल्या तर पेपर नंतर देता येतो का, आणि त्याचा अर्ज किती दिवस आधी करायचा? शिबिराच्या दिवसांची हजेरी धरतात का, आणि ते लेखी देतात का? आधीचे राहिलेले विषय असताना संघात घेतात का? शेवटच्या प्रश्नाला ‘घेतो की, काही अडचण नाही’ असं उत्तर हसत हसत आलं, तर पोराचा अभ्यास घरच्यांनाच बघावा लागणार. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर त्यावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी तंतोतंत जुळतंय का, हे त्याच दिवशी बघून घ्यावं. भरतीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून त्याची पडताळणी करावी लागते, आणि स्पर्धा होऊन पाच वर्षं उलटल्यावर आयोजकांच्या मागं लागून स्पेलिंग दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं जातं.